उंदीर न मारण्याची अट

वडिलांच्या शोकसभेत तिघांनी कुत्र्याची गोष्ट सांगितली. तिघांनी ती वेगवेगळी सांगितली आणि तिघांचीही चुकली. एकाने कुत्रा अल्सेशियन केला. दुसऱ्याने तो रस्त्यात सापडलेला केला. तिसरे वडिलांच्याच कचेरीतले निवृत्त गृहस्थ. ते म्हणाले, "दिलेल्या शब्दाखातर या माणसाने पोटच्या पोरीचा लाडका कुत्रा परत नेऊन दिला. आज आहे कुणी असा?" सगळ्यांनी माना डोलावल्या. ती पोटची पोर मी, पहिल्या रांगेत पदर सारखा करत बसले होते. मला कुणी बोलायला सांगितलं नाही ते बरंच झालं. मी बोलले असते तर चहाच्या आतच सभा संपली असती. तेव्हा बोलले नाही, म्हणून आता लिहिते आहे.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा ठाण्याच्या कोर्टात कारकून होते. लोकांची प्रतिज्ञापत्रं लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, खाली सही घ्यायची, हे त्यांचं काम. दिवसभर समोर उभं राहून माणसं देवाच्या शपथेवर धडधडीत खोटं बोलायची आणि अण्णा ते सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायचे. त्याचा सूड ते घरी येऊन आमच्यावर उगवायचे. आमच्या घरात थाप मारायची सोय नव्हती. पाहुण्यांना 'घरात नाहीत म्हणून सांग' असं कधी म्हटलं गेलं नाही. मला ताप नसताना ताप आहे अशी चिठ्ठी शाळेत कधी गेली नाही. नाकासमोर चालणारा माणूस, असं सगळे म्हणायचे. नाकासमोर चालणाऱ्याच्या पायाखाली काय येतं ते त्याला दिसत नाही, हे कुणी म्हणत नसे.

स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली असतील. मी अकरा वर्षांची होते. डोंबिवलीत स्टेशनपासून जरा आत आमचं दोन खोल्या आणि एक कोठी एवढं बैठं घर होतं. पुढे ओटा, मागे परस, आणि शेजारचं घर हाकेच्या अंतरावर. एका दुपारी परसातून तांब्याचा बंब चोरीला गेला. आई घरातच, शेंगा फोडत होती, तिला पत्ताच नाही. तिने अण्णांना सांगितलं, "दिवसभर मी इथे एकटी असते. आज बंब नेला, उद्या मला नेतील. एक कुत्रा तरी आणा."

कल्याणला एक पांजरपोळ होता. म्हातारे बैल, टांग्याला जुंपून लंगडे झालेले घोडे, कसायापासून सोडवलेल्या शेळ्या तिथे सांभाळत. एका कोपऱ्यात तारेची जाळी लावून चार-सहा कुत्री ठेवली होती. अण्णा आणि मी एका रविवारी तिथे गेलो. बाकीची कुत्री जाळीला येऊन ओरडत होती. एक मात्र मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात नाक खुपसून उभा होता. पांढरा, खरखरीत केसांचा, अर्धं तोंड तपकिरी, शेपूट कापून बोटाएवढी ठेवलेली. उंचीला आमच्या बादलीपेक्षा थोडा मोठा. तिथले मुनीम म्हणाले, "तो टेरियर. रेल्वे कॉलनीतल्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हरचा. बायकापोरं घेऊन विलायतेला गेला, ह्याला आमच्या दारात बांधून. दूध-भाकरी खातो बिचारा. काही त्रास नाही." भिंतीच्या त्या कोपऱ्यात काय आहे, तो तिथे काय हुंगतोय, हे आम्ही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

त्याला नाव होतं. ते मी इथे लिहिणार नाही. आतापर्यंत पुष्कळांनी त्याला वापरून घेतलं आहे.

जनावर घरी न्यायचं तर पांजरपोळाचा छापील कागद भरून द्यावा लागे. तो कागद गाईबैलांसाठी छापलेला होता. मुनिमांनी 'गाय/बैल' यावर काट मारून वर 'कुत्रा' लिहिलं. पहिली अट, घर शाकाहारी पाहिजे. आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे, तेव्हा तिथे प्रश्न नव्हता. जनावराला मांस, मच्छी, अंडं घालायचं नाही. तेही ठीक. आणि तिसरं कलम असं होतं की, 'सदर जनावराच्या ठायी अगर सदर जनावराकडून कोणत्याही प्रकारची हिंसा घडणार नाही, घडल्यास जनावर परत करीन.' गाईकडून कसली हिंसा घडणार? ज्याने लिहिलं त्याने वजनदार वाटावं म्हणून लिहिलं असेल. पण अण्णांनी तो कागद तीनदा वाचला आणि खाली सही केली. मुनिमांनी पितळेचा एक गोल बिल्ला दिला, त्यावर आकडा ठोकलेला. तो कुत्र्याच्या पट्ट्याला अडकवून आम्ही निघालो.

स्टेशनावर कळलं की कुत्र्याला डब्यात नेता येत नाही. त्याचं वेगळं तिकीट, आणि तो गार्डाच्या डब्यातल्या पेटीत. पेटी त्या गाडीला नव्हती. तिकीट देणारा बाबू म्हणाला, "अहो, एवढंसं तर आहे. पिशवीत घाला न् बसा." अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा खिडकीतून मागे सरकला. मग आम्ही चालत निघालो. रुळांच्या कडेने गेलं तर जवळ पडतं, सगळं जग तसं जायचं. पण तिथे मनाईची पाटी होती. म्हणून ठाकुर्लीवरून गाडीवाटेने, पॉवर हाऊसच्या धुराड्यांना वळसा घालून, उन्हात डोंबिवली. अर्ध्या वाटेत कुत्रा बसला. मग मी त्याला उचलून घेतलं. त्याचं तोंड माझ्या खांद्यावर आणि त्याचा श्वास माझ्या कानात. मला वाटलं, माझे वडील किती थोर आहेत. तेव्हा मी तशीच होते.

त्याला मराठी कळत नव्हतं. आई त्याला "बस रे" म्हणायची आणि तो उभाच. मग मी शाळेतलं इंग्रजी काढलं. "सिट" म्हटलं की तो ताबडतोब बसायचा. आठवडाभरात आईसुद्धा भाजी चिरता चिरता "सिट", "नो", "गो" म्हणायला लागली. अण्णा मात्र त्याला "प्लीज बी सीटेड" म्हणायचे. त्यांच्यासाठी तो कधी बसला नाही. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही हे तो एका दिवसात शिकला. उंबऱ्याला हनुवटी टेकून आईकडे बघत पडून राहायचा. आई म्हणायची, "हा मागच्या जन्मी आमच्याच घरातला सासरा असणार. लक्ष सगळं माझ्या चुलीवर."

संध्याकाळी अण्णा आले की पाय धुता धुता विचारायचे, "काय, आज काय केलं तुझ्या साहेबाने?" मी म्हणायचे, "काही नाही, झोपला." ही आमची रोजची गंमत. माझ्या वडिलांनी माझ्याशी केलेली तेवढी एकच गंमत मला आठवते.

त्या वेळी धान्य रेशनवर होतं. मिळायचा तो जाडाभरडा तांदूळ, खड्यांनी भरलेला, तोही मोजून. आणि आमच्या कोठीच्या खोलीत उंदीर झाले होते. एकदा त्यांनी पोतं कुरतडून आठवड्याचा तांदूळ नासवला. आईने तो सगळा जमिनीवर पसरून लेंड्या वेचल्या, सात पाण्यांनी धुतला, आणि आम्ही तोच खाल्ला. वेचताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ती रडणारी बाई नव्हती.

पुढे काही दिवसांनी, दुपारची मी शाळेतून आले होते, कोठीत काहीतरी खुडबुडलं आणि उंबऱ्यावर पडलेला कुत्रा उठला. त्याने आईकडे एकदाच पाहिलं. मग उंबरा ओलांडून, स्वयंपाकघरातून सरळ कोठीत. मी जाऊन बघते तो उंदीर त्याच्या तोंडात. त्याने मान एकदाच झटकली, उंदीर टाकला, वळला, दुसरा धरला. ना भुंकणं, ना खाणं. एवढं नेटकं काम मी पुढे फार थोड्या माणसांना करताना पाहिलं. या जातीचे कुत्रे याच कामासाठी वाढवतात, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. आम्हाला कुणालाच तेव्हा ते ठाऊक नव्हतं. पांजरपोळात तो भिंतीचा कोपरा का हुंगत होता ते मात्र त्या क्षणी कळलं.

आई पहिल्यांदा दारातच थबकली. मग तिने पदर खोचला आणि कोठीतल्या ट्रंका स्वतः ओढून बाजूला केल्या. तासाभरात सात उंदीर. तिने ते कागदात गुंडाळून लांब शेतात टाकले, जमीन शेणाने सारवली, हात धुतले, आणि भाकरीवर तुपाची धार धरून ती भाकरी त्याला स्वयंपाकघरात, चुलीपासून दोन हातांवर घातली. मग मला म्हणाली, "यांना सांगू नकोस हं."

मी सांगितलं. संध्याकाळी अण्णांनी पाय धुताना रोजच्यासारखं विचारलं, "काय, आज काय केलं तुझ्या साहेबाने?" आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे उत्तर होतं. मी म्हटलं, "सात उंदीर मारले." आईने आतून भांडं आपटलं. तोवर उशीर झाला होता.

अण्णांनी तांब्या खाली ठेवला. एक पाय ओला, एक कोरडा, तसेच आत गेले आणि ट्रंकेतून तो कागद काढून आणला. तिसरं कलम मोठ्याने वाचलं. कोर्टात वाचायचे तसंच.

आई म्हणाली, "अहो, कुत्रा उंदीर मारणार नाही तर काय आरती करणार?"

"मी सही केली आहे."

"मग फाडा तो कागद. कोण येतंय बघायला?"

"कागद फाडून सही जात नाही," अण्णा म्हणाले. "दिवसभर लोकांच्या खोट्या शपथा लिहून घेतो मी. आणि घरी येऊन स्वतःची मोडू?"

हे वाक्य शोकसभेत कुणाला माहीत असतं तर त्यांनी फळ्यावर लिहिलं असतं. मी मान्य करते, वाक्य चांगलं आहे. पण ते बोलताना त्यांनी एकदाही कुत्र्याकडे पाहिलं नाही, आणि माझ्याकडेही नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली ती तेव्हा, आणि ती अजून खाली उतरलेली नाही. कारण कुत्र्याला कुणी विचारलं नव्हतं. सही त्याची नव्हती. शब्द अण्णांचा आणि शिक्षा त्याला, हा कुठल्या कोर्टातला न्याय?

शनिवारी मी गुपचूप त्याच्या पट्ट्याचा बिल्ला काढला. बिल्ल्याशिवाय पांजरपोळात जनावर परत घेत नाहीत, अशी माझी समजूत. कंपासच्या टोकाने मी त्याच्या मागच्या बाजूला माझ्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं आणि तो कंपासपेटीत लपवला. रविवारी आम्ही पुन्हा त्याच गाडीवाटेने ठाकुर्लीवरून कल्याणला चालत गेलो. या वेळी कुत्रा बसला नाही. त्याला वाटलं असेल, फिरायला नेताहेत.

मुनिमांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, "अहो साहेब, कशाला सांगायला आलात? आमचं कोण येणार होतं तुमच्या घरचे उंदीर मोजायला? ते कलम गाईचं. घेऊन जा त्याला घरी."

मी अण्णांचा सदरा धरला. मला वाटलं, सुटलो. खुद्द पांजरपोळाचा माणूस सोडतो म्हणतोय.

अण्णा म्हणाले, "कागदावर 'कुत्रा' लिहिलंय, तुमच्याच हातचं आहे. विश्वस्तांसमोर तुम्ही हेच सांगाल का?"

हो म्हणण्याची मुनिमांची प्राज्ञा नव्हती. त्यांनी कुत्र्याची दोरी घेतली. बिल्ला मागितलाच नाही. "एक सांगतो," ते म्हणाले, "दोनदा टाकलेलं जनावर इथे टिकत नाही. अन्न सोडतं." हे त्यांनी माझ्यासमोर सांगितलं. कुत्रा माझ्याकडे बघत होता. मी काही म्हणायच्या आधीच तो खाली बसला. कुणी 'सिट' म्हटलेलं नव्हतं.

त्यानंतर आईने अण्णांना "अहो" म्हणून हाक मारणं सोडलं. जेवायला बोलवायचं तर पळीने पातेलं वाजवायची. आठ-दहा महिने हे चाललं. आणि उंदीर? उंदीर महिन्याभरात परत आले. मग अण्णांनी ठाण्याहून तारेचा पिंजरा आणला. सकाळी त्यात उंदीर अडकलेला असला की अण्णा पिंजरा पाण्याच्या बादलीत बुडवून, हातात घड्याळ धरून उभे राहायचे. मग कोर्टात जायचे. कागदावर कुत्र्याची हिंसा होती. अण्णांची नव्हती.

कुत्रा परत दिल्यावर पंधरा-वीस दिवसांनी अण्णांना बिल्ल्याची आठवण झाली होती. "तो आपला नाही," ते म्हणाले, "दे." मी कंपासपेटी उघडून दिला. कुत्र्याची तेवढीच एक वस्तू माझ्याजवळ होती. पुढच्या रविवारी ते एकटेच कल्याणला जाऊन आले. मी विचारलं, "बिल्ल्याचं काय केलंत?" म्हणाले, "जिथला तिथे दिला." त्यापलीकडे मी काही विचारलं नाही. अण्णाही काही बोलले नाहीत. कुत्रा मेला, असं मी मनाशी धरून टाकलं. रात्री पांघरुणात तोंड घालून रडायचे. आई पाठीवर हात ठेवायची.

अशी चार वर्षं गेली. रेशनिंग उठलं. माझी मावशी कल्याणला दिलेली होती. तिच्या सासरचं शेत आंबिवलीला. त्या वर्षी दिवाळीनंतर मी तिच्याकडे राहायला गेले होते आणि आम्ही नव्या भाताची पोती बैलगाडीत घालून कल्याणच्या भातगिरणीवर गेलो. गिरणीत कोंड्याचा धुरळा उडत होता, पट्ट्यांचा आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पोत्यांच्या थप्पीमागून एक कुत्रा आला. पांढरा, अर्धं तोंड तपकिरी. अंगाने भरलेला, थोडा जाड झालेला, एका कानाला जुना चावा.

मी म्हटलं, "सिट."

तो बसला. माझा हात हुंगला. बोटाएवढी शेपूट हलली. मी वाकून त्याच्या गळ्याला हात घातला तर तिथे पितळेचा बिल्ला. उलटून पाहिला. मागे माझ्या नावाचं पहिलं अक्षर. तेवढ्यात थप्पीमागे काही खुडबुडलं आणि तो माझ्या हातातून सुटून गेला. त्याला काम होतं.

पोती तोलणारा आगरी म्हातारा हसत म्हणाला, "काय बगतंस, पोरी? ह्याच्यापायी गिरनीत उंदीर नाय. पांजरपोलाचं मुनीम हाय ना, गिरनीवाला त्याचा मेवना. त्यानंच आनून दिला. पन बोलू नको कुनाला."

"आणि हा बिल्ला?"

"तो डोंबिवलीच्या कारकून सायबानं आनला. येतंय तो कवा कवा. ह्या दारात उबा ऱ्हातंय, बगतंय, जातंय. आत येत नाय."

मावशी मला विचारत होती, काय झालं, रडतेस का. मी रडत नव्हते. मला राग आला होता. जिवंत होता. चार वर्षं, आमच्या घरापासून दोन स्टेशनांवर, पोटभर खाऊन, आपलं काम करत जिवंत होता. आणि एका माणसाला ते ठाऊक होतं, आणि तो माणूस रोज रात्री माझ्या शेजारच्या खोलीत झोपत होता.

त्याच संध्याकाळी मी डोंबिवलीला परत आले. अण्णा ओट्यावर पाय धूत होते. मी म्हटलं, "कुत्रा गिरणीत आहे."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "हो," म्हणाले.

"तुम्हाला चार वर्षं माहीत होतं."

"बिल्ला द्यायला गेलो तेव्हा मुनिमांनी सांगितलं. विश्वस्तांना कळलं असतं तर त्यांची नोकरी गेली असती. कुणाला सांगणार नाही, असा शब्द दिला होता मी त्यांना."

पुन्हा शब्द. पहिला शब्द कुत्र्याच्या मुळावर आला, दुसरा माझ्या. दोन्ही त्यांनी पाळले. मी म्हटलं, "मी तो मेला म्हणून रडत होते. तुम्हाला ऐकू येत होतं."

त्यांनी पाय पुसले. मग म्हणाले, "तू कधी विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी खोटं बोललो नसतो."

ते खरं होतं. मी विचारलं असतं तर त्यांनी मुनिमांना दिलेला शब्द मोडून मला सांगितलं असतं. आणि मी विचारलं नव्हतं, कारण हा माणूस खोटं बोलत नाही हे मला लहानपणापासून पक्कं ठाऊक होतं, आणि 'मेला' हे त्यांच्या तोंडून खरं ऐकायची मला भीती वाटत होती. दुसरा कुठलाही बाप असता तर मी पहिल्याच दिवशी विचारलं असतं. त्याने 'मजेत आहे गं तो' अशी थाप मारली असती आणि ती खरी निघाली असती.

हे मी त्यांना सांगितलं नाही. तेव्हाही नाही, पुढे कधीही नाही. त्यांनी विचारलं नाही.